मशीनला जीभ नसते

"गिळू नका! जावईबापू, गिळू नका! नुसतं जिभेवर फिरवा! अहो, गिळलं का काय? शैले, तुझा नवरा गिळतोय बघ!"

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. अंगात सासरहून मिळालेला, पुठ्ठ्यासारखा कडक सफारी. कपाळावर ओवाळणीचं ओलं कुंकू. आणि तोंडात सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने दिलेल्या पेल्यातला पहिला घोट. नव्या जावयाला परसात बोलावून हातात पेला दिला की तो काय समजणार? मी सरबत समजलो. मोठा घोट घेतला आणि अख्खा अरबी समुद्र येऊन टाळूवर आदळला. समुद्रात मी आयुष्यात एकदाच गटांगळी खाल्ली आहे; पण तिथलं पाणी याच्यापुढे उसाचा रस म्हणावं असं होतं. डोळ्यांतून धार, नाकातून धार, आणि शेवटी उरलंसुरलं सगळं समोरच्या झेंडूवर.

"झेंडूवर नाय!" सासरे धावले ते माझ्याकडे नाही, झेंडूकडे. दोन तांबे चांगलं पाणी त्याच्या मुळाशी ओतून झाल्यावर त्यांना माझी आठवण झाली. "बरं, आता सांगा. अजून किती मिनिटं लागतील?"

कशाला किती मिनिटं, हे मला कळायला पुढचे दोन दिवस गेले. पण आपण कसल्यातरी परीक्षेत नापास झालो एवढं तेव्हाच कळलं. कारण ते आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण जीभ नाय."

हे आमचे सासरे. सगळी आळी आणि फुलबाजारातले सगळे हमाल त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही तात्याच म्हणू लागलो. कुणी मिशीवरून ओळखलं जातं, कुणी ढेरीवरून. तात्यांची ओळख म्हणजे त्यांची जीभ. बोलायला ते ती फारशी वापरत नसत. दिवसाकाठी चाळीसेक शब्द झाले की त्यांचा कोटा संपायचा. ती जीभ होती पाण्यासाठी. शहराबाहेर मखमलाबाद रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा होता, तेव्हा लांबलांबची माणसं बाटलीत, कळशीत, एकदा तर म्हणे पोराच्या दूध प्यायच्या बाटलीत आपल्या विहिरीचं पाणी घेऊन यायची. तात्या घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, या गालातलं पाणी त्या गालात न्यायचे, बाजूला थुंकायचे आणि निकाल द्यायचे. "गुलाबाला नको. झेंडू धकंल." संपलं. पुढे चर्चा नाही.

एकाला त्यांनी नुसत्या घोटावर सांगितलं होतं, "तुझ्या विहिरीत उत्तरेच्या अंगानं लिंबाचं मूळ उतरलंय." तो माणूस घरी गेला, दोर लावून खाली उतरला, तर मूळ होतं. त्या मुळाची लांबी, गोष्ट ज्याच्याकडून ऐकाल त्याप्रमाणे, तीन फुटांपासून तीस फुटांपर्यंत होती. मी सांगायला लागल्यापासून ती पन्नासवर गेली आहे.

मातीचंही तेच. चिमूटभर उचलायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची. सासूबाई हे चारचौघांत सांगायच्या. "मला बघायला आले ना, तेव्हा आधी आमच्या अंगणातली माती चाखून बघितली. मग मला बघितलं."

"माती चांगली होती," तात्या म्हणायचे.

"आणि मी?"

"तू पण धकली."

पुढे शहर वाढत वाढत मळ्यापर्यंत आलं. वाफ्यांवर चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांचे प्लॉट झाले, प्लॉटांची कॉलनी झाली, आणि तात्यांच्या वाट्याला एक बंगला आणि मागे दहा बाय वीसचा परस उरला. विहीर बुजली. नगरपालिकेचं पाणी 'पुढच्या वर्षी' येणार होतं, आणि ते पुढचं वर्ष दर वर्षी पुढच्या वर्षी जायचं. तोवर दोनशे फुटांची बोअर.

त्या बोअरच्या पाण्याबद्दल मी थोडं सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवून सांगतो, म्हणून कमी करून सांगतो. ते पाणी बादलीत ओतलं की 'धप्' असा आवाज यायचा. साबण लावला की फेस यायचा नाही. साबणच आंघोळ करून निघाल्यासारखा कोरडा दिसायचा. तुरीच्या डाळीला कुकरच्या चौदा शिट्ट्या, तरी डाळ ताटात गोट्यांसारखी वाजायची. गिझरमधली कॉइल काढली तेव्हा तिच्यावर चुन्याचं एवढं पांढरं पुट चढलेलं होतं, की गिझर दुरुस्त करणाऱ्याने आधी तिला हात जोडले, मग विचारलं, "ही मूर्ती कुठं सापडली?" कॉलनीतले कावळे त्या पाण्यात आंघोळ करून बगळे व्हायला लागले होते. हे शेवटचं मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे. माझ्याकडूनच.

तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या लग्नाच्या थोडं आधी माझ्या मेहुण्याने, प्रकाशने, नव्या नोकरीच्या जोरावर पाणी मऊ करायचं मशीन घरी आणलं. पुरुषभर उंचीचं निळं नळकांडं, मानेवर एक दांडा, शेजारी झाकणाचा पिंप. नळकांड्यात राजगिऱ्यासारखे सोनेरी दाणे. बोअरचं पाणी त्यांच्यातून गेलं की दाणे त्यातला चुना धरून ठेवतात आणि मऊ पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. सात-आठ दिवसांत दाणे चुना धरून धरून दमतात. मग पिंपातलं खाऱ्या मिठाचं पाणी त्यांना पाजायचं. ते पिऊन दाणे चुना सोडतात आणि पुन्हा ताजे होतात. शेवटी आतलं सगळं मीठ साध्या पाण्याने धुऊन मोरीत काढून द्यायचं आणि दांडा फिरवायचा. झालं.

मशीन विकणारा टाय लावून आला होता. त्याने काचेच्या नळीत बोअरचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पाणी गुलाबी झालं. मशीनमधून आलेल्या पाण्यात तेच थेंब टाकले, ते निळं झालं. घरादाराने माना डोलावल्या. तात्या एका बाजूला स्टुलावर बसून होते.

"रंग कशाला बघायचा?" ते म्हणाले. "पाणी काय साडी हाय?"

मशीनवाला हसला. मग दाणे धुवायचं दाखवताना म्हणाला, "मीठ पूर्ण निघालं की नाही हे मात्र या थेंबांनी कळत नाही हं, काका. ते तोंडात घेऊनच बघायचं. खारट लागायचं थांबलं की दांडा फिरवा."

तात्या स्टुलावरून उठले. मळा गेल्यापासून तो माणूस असा उठलेला घरच्यांनी पाहिला नव्हता, असं शैला सांगते. ते मशीनभोवती एक चक्कर मारून आले, नळकांड्यावर दोनदा थापटलं आणि म्हणाले, "म्हंजे मशीनला जीभ नसते."

त्या दिवसापासून ते मशीन तात्यांचं झालं. दांड्याच्या चार खुणांवर चार इंग्रजी शब्द होते, ते तात्यांनी रद्द केले. पाणी उलटं सोडून घाण काढतात ती 'उलटी'. मिठाचं पाणी पाजायचं ते 'मीठ'. धुवायचं ती 'चूळ'. आणि सगळं झालं की मशीन 'कामावर'. रविवारी सकाळी ते बनियन घालून परसात बसायचे आणि प्रकाशला दांड्यापाशी उभं करून हुकूम द्यायचे. "उलटी!" प्रकाश दांडा फिरवायचा. "मीठ!" पुन्हा फिरवायचा. शेजारी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला कितीतरी दिवस वाटत होतं, की या घरात कुणीतरी आजारी आहे आणि उपचार फार जुन्या पद्धतीचे चालले आहेत.

'चूळ' सुरू झाली की तात्यांचं खरं काम सुरू. मोरीत सोडलेल्या नळीचं पाणी पेल्यात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं. "अजून." पाच मिनिटांनी परत. "अजून." मग एक घोट असा यायचा की ते डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "गोड. लाव कामावर." आम्हाला त्याआधीच्या तीन घोटांपासून ते पाणी साधंच लागायचं. पण तात्यांनी 'गोड' म्हटल्याशिवाय दांडा फिरला नाही, आणि त्या घरातल्या चहाला, वरणाला, तान्ह्या पोरांच्या दुधाला मिठाचा वाससुद्धा कधी लागला नाही.

मीठ कुठलंही चालत नसे. पुडीतलं बारीक मीठ पिंपात टाकलं की त्याचा वर दगडासारखा पापुद्रा धरतो. वरून पिंप भरलेला दिसतो, खाली सगळी पोकळी. एकदा असं झालं तेव्हा तात्यांनी खुरप्याच्या मुठीने तो पापुद्रा फोडला आणि त्यानंतर फक्त जाडं खडेमीठ, तेही द्वारका चौकातल्या एकाच दुकानातलं, दोन खडे तोंडात टाकून पास केलेलं. लुनावर पुढे पोतं आणि मागे तात्या. तिसऱ्या-चौथ्या पोत्याला तो दुकानदार हळूच म्हणाला होता, "काका, घरी पापड करता का?" तात्यांनी मान हलवली. "लोणची?" नाही. दुकानदाराने मग पुढे विचारलं नाही, पण त्यानंतर तो मीठ देताना तात्यांच्या डोळ्यांत बघत नसे.

सासूबाईंचं आणि त्या मिठाचं जमत नव्हतं. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं असं त्या लहानपणापासून मानत आलेल्या, आणि इथे परसात मुठीमुठीने सांडलेलं. "तुमच्या या मशीनपायी मला सात जन्म पापण्याच फडफडवत बसावं लागणार," असं म्हणत त्या खडे वेचायच्या. पण मशीन एकदा दोन दिवस बंद पडलं, तेव्हा त्याच वेचलेल्या मिठात मोहऱ्या घालून त्या नळकांड्याची दृष्ट काढताना मी स्वतः पाहिल्या आहेत. मशीन तिसऱ्या दिवशी सुरू झालं. पंपाची जळालेली वायर प्रकाशने बदलली होती, पण त्याचं कुणी नाव घेतलं नाही.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण मी अजून परगावी गेलो की हॉटेलातल्या पाण्याचा पहिला घोट गिळत नाही, जिभेवर फिरवतो. कळत काहीच नाही. वेटर मात्र पाणी बदलून देतो.

तर मशीनचं असं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरांनी तात्यांचं मीठ तोडलं. रक्तदाब. ज्याच्या परसात तीन पोती मीठ रचलेलं, त्या माणसाच्या ताटात मिठाचा खडा नाही. सासूबाईंनी फर्मान अक्षरशः पाळलं. अळणी भाजी, अळणी आमटी, अळणी पिठलं. तात्या निमूट जेवायचे. आणि अचानक मशीन लवकर दमायला लागलं. आधी आठवड्याने व्हायची ती 'चूळ' आता चौथ्या दिवशी, मग तिसऱ्या. "पाणी लय जड झालंय खालचं," तात्या सांगायचे. सासूबाईंनी पंधरा दिवस ऐकून घेतलं. सोळाव्या दिवशी त्या दोन सारखे पेले घेऊन परसात गेल्या. एकातून घोट घ्यायचा, दुसऱ्यात थुंकायचा. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते त्या उजेडात धरून बघणार.

"दोन बोटं कमी आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, गालाला चिकटतं थोडं."

"एवढं?"

"लाळ पण धर की त्यात!"

"लाळेनं वाढायला पाहिजे. कमी कसं झालं?"

दुसऱ्या दिवसापासून मशीन पुन्हा आठवडाभर न दमता चालायला लागलं.

एवढं जपूनही व्हायचं ते झालं. एका सकाळी चूळ भरताना तात्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. तोंड एका बाजूला गेलं होतं. हलका झटका, डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस दवाखाना, महिनाभर औषधं, आणि हळूहळू चेहरा जागेवर आला, हात चालायला लागला, चालणं पूर्वीसारखं झालं. आम्ही पेढे वाटले. तात्यांना पहिला पेढा दिला. "कसा आहे?" शैलाने विचारलं. "चांगलाय," ते म्हणाले. एरवी त्यांनी खवा कुठल्या गावचा ते सांगितलं असतं. पण त्या आनंदात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं पुढच्या रविवारी. मी आणि शैला मुक्कामाला होतो. तात्या बऱ्याच दिवसांनी परसात बसले, हुकूम सुटले, दांडा फिरला. 'चूळ' सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. तात्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, फिरवला, थुंकला. "गोड. लाव कामावर."

प्रकाशने लावलं. तासाभराने त्याच टाकीच्या पाण्याचा चहा आला.

मी एक घोट घेतला आणि थेट पहिल्या दिवाळीत जाऊन पोचलो. शैलाचा कप ओठाशी थांबला. प्रकाशने डोळे मोठे केले. सासूबाईंनी घोट घेतला, आणि पहिल्यांदा तात्यांकडे बघितलं. तात्या बशीत चहा ओतून शांतपणे पीत होते. फुर्र. फुर्र.

"बरा झालाय ना चहा?" त्यांनी विचारलं.

"झालाय की," सासूबाई म्हणाल्या आणि कप एका दमात रिकामा केला. त्यांच्या त्या नजरेसमोर आम्ही तिघांनीही केला. सीमेवर लढणाऱ्यांना शौर्यपदकं देतात, ते बरोबरच आहे. पण त्या सकाळी आमच्या दिवाणखान्यातही चार द्यायला हरकत नव्हती.

स्वयंपाकघरात मी दबक्या आवाजात म्हटलं, "सांगायला पाहिजे त्यांना."

सासूबाई कप विसळत होत्या. "काय सांगू? मळा गेला. विहीर गेली. बाजार गेला. एवढं एक राहिलंय त्यांच्याकडे. तेही गेलं म्हणून मी सांगू?" मग पदराने तोंड पुसून त्या अंगणात गेल्या आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं बाई! टाकीत पाल पडली! प्रकाश, सगळी टाकी रिकामी कर!"

त्या रविवारपासून आमचं नाटक सुरू झालं. तात्या परसात बसायचे, पाच मिनिटांत 'गोड' म्हणायचे, आणि प्रकाशचा हात दांड्यावर पडायच्या आत घरातून सासूबाईंची हाक यायची. "अहो, जरा इकडे या ना. डबा उघडत नाहीये." तात्या उठून आत जायचे. डबा उघडून होईतो दुसरा. दुसऱ्यानंतर बरणी. तेवढ्यात मोरीतून मीठ वाहून जायचं आणि सासूबाई मागच्या दाराने हळूच परसात येऊन नळीखाली ओंजळ धरायच्या, घोट घ्यायच्या, थुंकायच्या, परत घ्यायच्या. मग मान हलवायच्या, आणि प्रकाश दांडा फिरवायचा. त्या आठ महिन्यांत त्या घरातला एकही डबा सासूबाईंना उघडता आला नाही. सुरुवातीला त्यांना वीस मिनिटं लागायची, आणि तरी चहा कधी कधी किंचित खारवट व्हायचा. पुढे पुढे तसं होईना. प्रकाश म्हणाला, आपोआप धुणारं नवीन मशीन निघालंय, आणू या. सासूबाई म्हणाल्या, काही नको.

आणि एका दुपारी, मी आणि शैला तिथेच असताना, दामूअण्णा आले. देवळ्याकडचे, फुलबाजारातल्या जुन्या दिवसांपासूनचे तात्यांचे स्नेही. पिशवीतून त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या काढल्या. एकीच्या गळ्यात लाल दोरा.

"तात्या, डाळिंबं लावायची. हजार रोपं सांगून ठेवली. ही दोऱ्याची बाटली बांधावरच्या बोअरची, ही दुसरी घरामागची. कोणत्या बोअरवर लावू? पाणी कसं शे, तेवढं सांगा. बाकी कुणाला मी इचारत नाय."

मी शैलाकडे बघितलं. शैलाने प्रकाशकडे. चहा खारट होणं वेगळं. इथे एका माणसाची हजार झाडं त्या जिभेच्या एका शब्दावर उभी राहणार होती, नाहीतर जळणार होती. तात्यांनी पेला हातात घेतला.

"अहो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "तो डबा जरा—"

"राहू दे डबा."

त्यांनी दोऱ्याच्या बाटलीतला घोट घेतला. डोळे मिटले. या गालातून त्या गालात. इतका वेळ त्यांनी कुठलंच पाणी तोंडात ठेवलं नव्हतं. खिडकीबाहेर थुंकले. दुसऱ्या बाटलीतला घेतला. तोही तसाच. मग पेला खाली ठेवून ते ओठ पुसत बसले.

"अण्णा," ते म्हणाले, "मला काय बी कळत नाय. माझी जीभ गेली. आठ महिने झाले."

दामूअण्णा हसले. हसणारे आपण एकटेच आहोत हे बघून थांबले.

"तुम्हाला... माहीत होतं?" प्रकाश पुटपुटला.

"टाकीत पाल पडली, नाय का?" तात्या त्याच्याकडे वळले. "झाकणावर मी सात किलोचा दगड ठेवतो. पाल तो उचलून आत गेली, आणि आतून परत ठेवला? आणि तुझ्या आईचे डबे. लोणच्याची बरणी घट्ट बसंल, मान्य. पण बेसनाच्या डब्याला दोन वर्षं झाली झाकणच नाय. तो उघडायला बोलावलं मला!"

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षं मला माती खातो म्हणून नावं ठेवलीस," तात्या म्हणाले. "आणि आता स्वतः मोरीच्या नळीखाली ओंजळ धरून बसायला लागलीस. म्हटलं शिकतीय, तर शिकू दे."

तात्या आपल्या हातांकडे बघत होते. दामूअण्णांनी बाटल्यांची टोपणं लावायला घेतली आणि कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं, "मग माझ्या डाळिंबांचं काय करू?"

सासूबाई उठल्या. ओले हात पदराला पुसले. दोऱ्याच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी घोट घेतला, आणि, देवाशपथ सांगतो, डोळे मिटले. या गालातून त्या गालात. मोरीत जाऊन थुंकून आल्या. मग दुसरी बाटली.

"दोऱ्याची नको," त्या म्हणाल्या.

"वहिनी, नक्की?"

"नको म्हटलं ना."

दामूअण्णांनी तात्यांकडे बघितलं. "ती म्हणते तर नको," तात्या म्हणाले. "पण तपासणीला पण दे. हजार रोपांचा मामला हाय." दामूअण्णांनी दिलंही. महिन्याभराने त्यांचा फोन आला. बांधावरच्या पाण्याबद्दल कागदावरही 'नको' असंच आलं होतं, आणि डाळिंबं घरामागच्या बोअरवर लागली. पुढे तीन मोसम तात्यांना त्या झाडांची डाळिंबं येत राहिली. ते ती आवडीने सोलायचे, दाणे आमच्या वाटीत टाकायचे आणि आम्ही खाताना आमच्या तोंडाकडे बघत बसायचे.

पण ते पुढचं. त्या दुपारी दामूअण्णा फाटकाबाहेर पडले, तसे तात्या उठून स्वयंपाकघरात गेले. मीही पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी जाऊन उभा राहिलो. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"ऐक ना," तात्या म्हणाले. "ती दोऱ्याची बाटली. कशी लागली?"

सासूबाईंचा हात थांबला नाही.

"अगं, सांग की. शेंड्याला लागलं का पार मागं? तळाला कडवट होतं काय? थुंकल्यावर टाळू आखडला का? मुरमाचं होतं का काळ्या मातीतलं?" आयुष्यात एका दमात एवढं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ओठ किंचित उघडे ठेवून ते सासूबाईंच्या तोंडाकडे बघत उभे होते. "तू नुसतं सांग. मी वळखतो."

सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"खारट होतं," त्या म्हणाल्या.